दिवा लागल्यावर

लताबाई बोरस्ते कधी कुणाला नाही म्हणत नसत. नाही म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. लताबाई पडल्या गोड. नळ गळतोय म्हटलं की "करू या गं", गिझर तापत नाही म्हटलं की "बघते हं बाळा". पाथर्डी फाट्याजवळच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात रूपाली तीन वर्षं भाड्याने राहिली, आणि शेवटी नळ तिच्या नवऱ्याने, मनोजने बदलला, गिझरची कॉइलही त्यानेच आणली. लताबाई वरच्या मजल्यावरून तेवढ्या गोड बोलत राहिल्या.

आज घर सोडायचं होतं. मनोजला ओझरच्या बाजूला काम लागलं होतं, म्हणून आडगावकडे घर बघितलं. नव्या मालकाला डिपॉझिट पस्तीस हजार हवं होतं. दहा दिले होते, पंचवीस आज संध्याकाळपर्यंत हातात पडले तरच किल्ली, असं त्याने दोनदा बजावलं होतं. ते पंचवीस यायचे होते इथल्या डिपॉझिटच्या तीस हजारांतून. दुसरा मार्ग नव्हता, पगार सात तारखेला. आणि उद्यावर ढकलायची सोय नव्हती, कारण उद्या अमावस्या आणि सासूबाई अमावस्येला नव्या घरात पाऊल टाकू देणार नव्हत्या.

अकरा वाजता टेम्पो भरून झाला. मनोज आणि सासूबाई सामानाबरोबर पुढे गेले. "तू हिशेब उरकून ये, मी तोवर नव्या मालकाला बोलण्यात गुंतवतो," मनोज म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, तासाभराचं काम आहे.

साडेअकराला लताबाई खाली आल्या. कमरेला खोचलेलं खाकी पाकीट त्यांनी बाहेर काढून दाखवलं. "हे बघ, सकाळीच भरून, चिकटवून ठेवलंय. तुझे पैसे माझ्याकडे राहायचे नाहीत हो. मोबाइलवरचं मला जमत नाही, आपलं रोख बरं. फक्त एक नजर टाकते घरावर."

ती एक नजर बाथरूमच्या टाइल्सवर जाऊन थांबली. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते. त्या सोसायटीत कुणाच्या बाथरूममध्ये ते नव्हते? पण लताबाईंनी नखाने एक डाग खरवडून बघितला आणि हळहळल्या. "एवढं घासून टाक गं. नवे लोक उद्या सकाळी यायचेत. मी येतेच परत."

रूपालीने ॲसिडची बाटली आणली, नाकाला ओढणी बांधली आणि तारेच्या घासणीने चारही भिंती घासल्या. हाताची सालटी निघाली. दीड वाजता लताबाई आल्या, टाइल्सकडे बघून "वा!" म्हणाल्या, आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या ओढून बघू लागल्या. ट्रॉल्यांच्या मागे, भिंतीच्या कडेला तेलाचा चिकट थर होता. तो रूपालीचा नव्हताच. तीन वर्षांपूर्वी घर ताब्यात घेतलं तेव्हा ओट्याखाली मेलेली पाल निघाली होती, आणि दोन दिवस राबून रूपालीनेच ते स्वयंपाकघर माणसात आणलं होतं. हे तिने बोलून दाखवलं.

"असेल गं," लताबाई म्हणाल्या. "मी कुठे तुला दोष देते? पण आता आहे ना तिथे. गरम पाणी आणि सोडा घे, पटकन निघेल."

पटकन काही निघालं नाही. मग पंख्याची पाती पुसायची निघाली, मग खिडकीच्या चॅनेलमधली माती, ती तिने जुन्या टूथब्रशने काढली. मनोजचे फोन येत होते. मालक आला होता, चहा पिऊन झाला होता, टेम्पोवाला थांबण्याचे वेगळे पैसे मागत होता. पाचला रूपाली फोनवर नवऱ्यावरच ओरडली, कारण ज्यांच्यावर ओरडायचं त्या वर बसून टीव्ही बघत होत्या. रूपालीला स्वतःचा संताप येत होता. लताबाईंच्या कमरेचं पाकीट हिसकावून घ्यावं असं तिला सकाळपासून चार वेळा वाटलं होतं, आणि चारही वेळा ती "बरं काकू" म्हणाली होती.

पावणेसहाला शेवटची फरशी पुसून झाली. घर इतकं लखलखत होतं की तिने स्वतः राहताना कधी एवढं बघितलं नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्या सिन्नरकडच्या खेड्यातल्या, टेम्पोत गाद्यांच्या गाठोड्यावर बसूनही त्यांना सगळ्याची आठवण.

"झालं का गं? ऐक, निघायच्या आधी दिवा लाव. तीन वर्षं खाल्लं-पेलं तिथं. रिकामं घर अंधारात सोडू नाय. म्या पणती ठेवलीय वरच्या फळीवर, तेलवात घालून."

रूपालीला नाही म्हणावंसं वाटलंच नाही. माहेरीही असंच करायचे. पूजेची पणती ओट्यावर ठेवून तिने वात पेटवली, हात जोडले आणि घराला मनातल्या मनात सांगितलं की काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घे.

लताबाई आल्या त्या पाकीट हातात घेऊनच. दारातून त्यांनी नजर फिरवली, मान डोलावली, हात पुढे केला, आणि ओट्यावरची पणती बघून तोच हात मागे घेतला. पाकीट पुन्हा कमरेला गेलं. त्यांनी दिव्याला नमस्कार केला.

"दिवा लावलास होय गं? आता कसं करायचं?"

"काय कसं करायचं?"

"दिवा लागल्यावर घरातून पैसा बाहेर देत नाहीत, बाळा. लक्ष्मी जाते. तुला काय सांगायचं, तू संस्कारी घरातली. उद्या ये. नको, उद्या अमावस्या. परवा सकाळी ये, मी चहा ठेवते."

लताबाई ढोंग करत नव्हत्या, हेच तर वाईट होतं. संध्याकाळी शेजारणीने दही मागितलं तरी त्या देत नसत, हे तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून दिवा लावला होता तिने, स्वतःच्या हाताने! फुंकर मारून विझवावा, असा विचार तिच्या मनात आला. पण फुंकर मारायला तोंड पुढे होईना. लावलेला दिवा फुंकून विझवायचा नसतो, हे तिच्याही हाडात भिनलेलं होतं.

"काकू, माझी सासू रस्त्यावर बसलीय. सामान टेम्पोत आहे. मला आज पैसे हवेत."

"कळतं गं मला. म्हणून तर वाईट वाटतंय. बरं, किल्ली दे. सकाळी सातला ते लोक येतील."

लताबाईंनी हात पुढे केला. दिवसभरात पहिल्यांदा रूपाली "बरं काकू" म्हणाली नाही.

"किल्ली कशी देऊ?"

"म्हणजे?"

"दिवा मी लावलाय. दिवा लागल्यावर घरातलं काही बाहेर देऊ नये, तुम्हीच म्हणता. घराची किल्ली म्हणजे तर घराची लक्ष्मीच. उद्या अमावस्या. परवा या, मी चहा ठेवते."

"अगं, वेडी आहेस का? ते लोक—"

रूपालीने मनोजला फोन लावला आणि लताबाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टेम्पो वळवा. आईंना घेऊन परत या, सामान इथेच उतरवायचंय. हो, सगळं. काकूंकडे आपले पैसे आहेत तोवर आपण इथेच राहतो."

ती पुसलेल्या फरशीवर मांडी घालून बसली. ओल लागत होती, पण आता तिला उठायचं नव्हतं. लताबाई दारात उभ्या राहिल्या. एकदा दिव्याकडे, एकदा रूपालीकडे बघत होत्या. बोलण्यातला गोडवा गेला की त्यांचं तोंड किती लहान दिसतं, हे रूपालीला आज कळलं.

शेवटी लताबाई वाकल्या. पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरल्या. "मी दिलं नाही हं. मी खाली ठेवलं. तू तुझं उचल."

रूपालीनेही किल्ली उंबऱ्यावर ठेवली. दोघींनी आपापलं उचललं. "दार ओढून घे जाताना," एवढं बोलून लताबाई जिना चढून गेल्या. वरचं दार लागल्याचा आवाज आला.

मनोजला फोन करून तिने टेम्पो थांबवला, पैसे मिळाले म्हणून सांगितलं. मग पाकीट फोडलं. साडेसत्तावीस हजार होते. नोटांना गुंडाळलेली चिठ्ठी होती, टपोऱ्या अक्षरात लिहिलेली: सफाईचे वजा, अडीच हजार.

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. पाकीट सकाळी चिकटवलेलं होतं, टाइल्स बघायच्या आधी.

वर जाऊन दार बडवावं, तर तिकडे मालक घड्याळ बघत असणार. पंचवीस निघत होते, तेवढ्यावर तिला पळावं लागणार होतं. कोपऱ्यात बादली होती, दिवसभराच्या काळ्या, तेलकट पाण्याने भरलेली. सफाईचे पैसे कापलेत ना, मग करू देत सफाई. तिने बादली उचलली, हॉलच्या मधोमध आणली आणि तिरपी केली.

पाणी कडेपर्यंत आलं. खाली फरशी चमकत होती. कोपऱ्यातला एक डाग काढायला तिला अर्धा तास लागला होता.

बादली तिने सरळ केली, मोरीत नेऊन ओतली. मग सवयीने मोरीवर स्वच्छ पाण्याचे दोन मग टाकले आणि जाळीत अडकलेला केस बोटाने उचलून फेकला. ते केल्यावर मात्र तिला स्वतःचा इतका राग आला की ती तिथेच, मोरीच्या कठड्यावर बसून रडली.