यकृताची वानगी

अकोल्याच्या धान्यबाजारात खुशालराव अडत्याची परखी प्रसिद्ध होती. परखी म्हणजे पोत्यात खुपसून धान्याची वानगी काढायची पोकळ, टोकदार सळई. ज्वारीच्या पोत्यात ती खसकन घालायची, निघालेले दाणे तळहातावर घेऊन एक फुंकर मारायची आणि अख्ख्या पोत्याचा निकाल लावायचा. काढलेली वानगी परत पोत्यात टाकायची रीत नव्हती. ती अडतीच्या कोपऱ्यातल्या ढिगात जाई. त्या ढिगावर खुशालरावांच्या म्हशी पोसल्या जात, म्हशींच्या दुधाचे तूप होई, आणि तुपावर खुशालराव पोसले जात.

ते इतके पोसले गेले की दवाखान्यातला काटा शेवटच्या आकड्याला टेकून गप्प बसला. मग त्यांचे वजन त्यांच्याच अडतीवर, पोत्यांच्या काट्यावर करावे लागले. रिकाम्या पोत्याचे वजन कापायच्या सवयीने हमालाने विचारले, "मालक, बारदाना वजा करू का?"

माणूस मात्र निर्व्यसनी. सुपारीचे खांडसुद्धा दाताखाली गेलेले नाही. त्यामुळे दारूबंदी मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आपसूक आले होते. सरकारची दारूबंदी होतीच. तिच्यामुळे लोकांना मागच्या दाराने जावे लागे, एवढाच काय तो त्रास. खुशालराव आठवडी बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभे राहून भाषण करीत, आणि प्रत्येक भाषणात एकच दाखला देत. तो दाखला म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, गोवर्धन.

गोवर्धनही अंगाने असाच भरलेला होता. एकदा त्याला गळल्यासारखे वाटू लागले, तेव्हा जुन्या डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून पाहिले आणि सांगितले, यकृत तीन बोटे वाढले आहे, हे दारूचे काम. गोवर्धन म्हणाला, "दादा, तुही आन, मी थेंब घेतला नाही." खुशालरावांनी एक फुंकर मारली आणि निकाल लावला. दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षाच्या घरात दारुडा कसा चालेल? गोवर्धन बायकोला घेऊन मूर्तिजापूरला गेला. पुढे तिथेच पोटात पाणी होऊन मेला. त्याच्या मरणाने भाषणाला चांगला शेवट मिळाला.

आणि त्रेसष्टच्या उन्हाळ्यात खुशालरावांच्या उजव्या बरगडीखाली जड जड वाटू लागले.

अमरावतीला डॉक्टर देवीदास म्हणून एक तरुण डॉक्टर मुंबईहून शिकून आले होते. खुशालराव त्यांच्याकडे गेले. सोबत मंडळाचे चिटणीस नत्थुजी होते. डॉक्टरांनी रक्त तपासले, पोट दाबले, ठोकले, पुन्हा दाबले.

"या चरबीतून मला यकृताची कड लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं यकृत ठीक नाही एवढं रक्तावरून दिसतंय."

नत्थुजींनी 'यकृत' हा शब्द ऐकला आणि त्यांना अकोल्याची बस आठवली. घरी पाहुणे येणार होते म्हणे. नत्थुजींच्या कानावर गेलेली गोष्ट गावात दवंडी पिटून सांगावी लागत नसे.

"बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा बारीक तुकडा काढू," डॉक्टर म्हणाले.

खुशालरावांचा चेहरा उजळला. "म्हंजे परखी! मग असं सांगा ना. न टोचता आतलं पाहाले नाही जमत?"

"अजून तरी नाही."

"अन् वानगी वापस देता का?"

"नाही."

"आमीबी नाही देत," खुशालराव म्हणाले आणि निमूटपणे आडवे झाले. श्वास रोखायला सांगितला तसा रोखला. सुई आत गेली तेव्हा त्यांच्या तोंडून हूं की चूं निघाले नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आले. पोत्यांना काय वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात प्रथमच येऊन गेला.

तुकडा नागपूरला तपासायला गेला. निकाल आला तेव्हा खुशालराव एकटेच अमरावतीला गेले. सोबत यायला मंडळातले कोणी मोकळे नव्हते.

"यकृतात चरबी साठलीय. पेशी अगदी भरून गेल्यात," डॉक्टर म्हणाले.

"पन डॉक्टरसाहेब, मी तं पेत नाही."

"मी कुठे म्हणतो पिता? जाड माणसांना न पिताही असं होतं. परदेशात तसं पाहिलंय काहींनी. काचेखाली दोन्ही सारखंच दिसतं, दारूचं आणि जाडीचं. फरक एवढाच की पेशंटला विचारावं लागतं. तुम्ही नाही म्हणालात, मी ऐकलं."

खुशालरावांनी उजव्या बरगडीखाली तीन बोटे ठेवून पाहिली.

"माह्या भावाचंबी वाढलं होतं."

"तुमच्यासारखेच होते अंगाने?"

"उगीच थोडा कमी."

"मग त्यांचंही हेच असेल. त्यांना विचारलं होतं ना?"

"इचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"नाही म्हने."

"मग?" डॉक्टरांनी सहज विचारले. तेवढ्यात त्यांना दुसऱ्या पेशंटकडे जावे लागले, म्हणून उत्तर द्यायचा प्रसंग टळला.

परतताना खुशालराव मूर्तिजापूरला उतरले. गोवर्धनची बायको शकुन एका खोलीत राहून गोधड्या शिवीत असे. खुशालराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचे नाही, ही रीत. गोवर्धन मेला त्या दिवशीसुद्धा तिने ती मोडली नव्हती. आताही ती पदर ओढून दाराआड उभी राहिली. मध्यस्थ म्हणून दारात बांधलेली शेळी तेवढी होती.

खुशालरावांनी सगळे सांगितले. सुई, चरबी, काच. शेवटी म्हणाले, "गोवर्धन पेत नव्हता, शकुन. आता कळलं मले."

शकुन शेळीला म्हणाली, "सांग वं बाई त्याईले, मले पहिलेच माहीत होतं. रोज एका चटईवर निजत होतो. बायकोले तोंडाचा वास समजत नाही काय? मले कोनी इचारलंच नाही."

खुशालराव शेळीकडे पाहत म्हणाले, "चुकलं माहं."

"मले काहून सांगून राहिले म्हना? मले ऐकून काय करायचं हाये? ज्याईले इतके वर्सं सांगत आले, त्याईलेच जाऊन सांगा म्हना."

शेळीने पाला ओढला. चहाचे कोणी विचारले नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी खुशालराव ओट्यावर चढले. डॉक्टरांनी तूप, गूळ, भात सारे तोडले होते. सकाळपासून पोटात पातळ ताक आणि चतकोर भाकर. एवढा देह चतकोर भाकरीवर उभा राहिना. पाय लटपटत होते, डोळे लाल होते, कारण झोप लागत नव्हती. नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती. नत्थुजींनी यकृताची बातमी घरोघर पोचवली होती.

"मंडळी," खुशालराव म्हणाले, आणि त्यांचा तोल गेला. त्यांनी खांब धरला. "माहा भाऊ गोवर्धन पेत नव्हता. त्याच्या यकृतात चरबी होती. माह्या यकृतात हाये ना, तशीच. मी त्याले फुकटच..."

"अध्यक्षसाहेब, आज कुठून आनली?" मागून कोणी तरी ओरडले. गर्दी हसली.

"मी पेलो नाही!"

"गोवर्धनबी असंच म्हने!"

"अरे, खरं म्हने तो! खरं म्हने!" खुशालराव रडू लागले. उभा बाजार पाहत होता. आता शंका घ्यायला जागाच उरली नाही. न पिता एवढा मोठा माणूस चारचौघांत कशाला रडेल?

नत्थुजींनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "चला भाऊ. कोनाच्या घरी काय नसते? मी कोनाले सांगत नाही," ते म्हणाले, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने.

चौघांनी त्यांना घरी आणून खाटेवर बसवले. दुसरे भाषण सुरू व्हायचे होते, म्हणून मंडळी लगबगीने परतली. नत्थुजींना आज नवा दाखला मिळाला होता.

त्यांच्या बायकोने, माणिकबाईंनी, पाण्याचा तांब्या आणला. काही विचारले नाही. बत्तीस वर्षांचा संसार, विचारायचे तरी काय? नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढायला त्या वाकल्या. टोपी निघाली, तरी त्या वाकलेल्याच राहिल्या. त्यांचे नाक खुशालरावांच्या तोंडाजवळ आले आणि त्यांनी एक लांब श्वास आत ओढला.

खुशालरावांच्या ध्यानात आले. पोत्याची शिवण उसवून धरावी तसे त्यांनी तोंड उघडून धरले.

"काय निघालं?" त्यांनी विचारले.

माणिकबाईंनी पुन्हा एकदा वास घेतला.