हात पोचेल अशी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. सागवानी, शाळेच्या नावाची. बाकीच्या पाट्या फाटकावर दिमाखात मिरवतात. मी मात्र भिंतीवर खाली, पहिलीतल्या मुलांच्या हाताशी. म्हणून कुणी बुटकी म्हटलं की मला राग येतो बरं का!

आमच्या शाळेला ताईंचं नाव दिलंय, तेच माझ्यावर कोरलेलं आहे. एके काळी काही मुलांना पुढच्या दारातून शाळेत यायची बंदी होती. त्यांनी मागच्या दाराने यायचं आणि व्हरांड्यात बसायचं. ताई त्याच व्हरांड्यात शिकल्या. मोठेपणी त्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगला, पण ते दार सगळ्यांसाठी उघडूनच दम घेतला. आज त्यांच्या नावाच्या सरकारी शाळा गावोगाव आहेत. मला लावायला मात्र त्या स्वतः आल्या होत्या.

सुतार शिडी लावून फाटकावर चढायला लागला, तशा त्या म्हणाल्या, "अहो मिस्त्री, खाली उतरा. नाव काय चिमण्यांना वाचायचंय? पोरांचा हात पोचला पाहिजे." त्यांनी सगळ्यांत लहान मुलीला भिंतीशी उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथे खिळे ठोकायला लावले.

तीच मुलगी पुढे या शाळेत शिपाई झाली. सगळे तिला मावशी म्हणतात. रोज सकाळी ती मला फडक्याने पुसायची आणि हळूच म्हणायची, "ताई, आज सगळी पोरं पुढच्या दारानं आली हं." कितीतरी मुलांनी आपलं पहिलं अक्षर माझ्यावरच बोटाने गिरवलं. माझा रंग उडाला, कडा झिजल्या, पण त्या बोटांची मला कधी कटकट झाली नाही. चिकट बोटांची झाली थोडी, खोटं कशाला बोलू!

यंदा वरून हुकूम आला, सगळ्या शाळांना पत्र्याच्या नव्या पाट्या. नवी फाटकावर चढली आणि माझी रवानगी अडगळीत, मोडक्या बाकांशेजारी. भिंतही रंगवून झाली. हेडसर म्हणाले, "उद्या भंगारवाला येईल, त्याला देऊन टाका." सर वाईट नाहीत हो, नवीन आहेत. पण मला रडू कोसळलं. मी गेले तर ताईंच्या हातचं इथे काय उरणार?

नेमका तो मावशीच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सरांनी विचारलं, "मावशी, छत्तीस वर्षं राबलात. निरोपाला काय देऊ?"

"दोन खिळे द्या."

"खिळे?"

मग तिने त्यांना सगळी हकीकत सांगितली. सर तडक उठले. स्वतः अडगळीत शिरले आणि धुळीने माखून मला बाहेर घेऊन आले. पण जुन्या खिळ्यांची खूण रंगाखाली बुजली होती.

"मावशी, लावायची कुठे?"

मावशीने पहिलीतली सगळ्यांत लहान मुलगी शोधून आणली. तिला भिंतीशी उभं केलं. तिच्या डोक्यावर आपला हात ठेवला. "सर, ठोका इथं."

मी जागेवर बसताच त्या चिमुरडीने माझ्या पहिल्या अक्षरात बोट घातलं. मावशी डोळे पुसत पुढच्या दाराने घरी गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना हात लावू नका, असं तुम्हाला सगळे सांगतात. माझं उलटं आहे. मला काचेत ठेवू नका, जाता-येता हात लावा. आता मावशी नाही, तेव्हा बाहीने का होईना, मला पुसत जा. आणि कुणी मागच्या दाराशी घुटमळताना दिसलं, तर त्याचा हात धरून त्याला पुढच्या दाराने आत घेऊन या. ताईंना ते कळवायचं काम माझं.