मुआयना होईपर्यंत

बेला रस्त्यावरच्या फाट्याला अमृतरावांनी बस स्टँड बांधला, तेव्हा आसपासच्या गावांतले मिस्त्री तो मुद्दाम पाहायला आले. छताला असा उतार की पावसाचं पाणी वर थांबतच नसे. छज्जा एवढा पुढे काढलेला की तिरप्या पावसातही बाकावरचा माणूस कोरडा राही. आणि मागच्या अंगाला बायकांसाठी संडास-मुतारी. पांढरी फरशी, वर पाण्याची टाकी, यायला-जायला वेगळी वाट.

बांधकाम खात्याने उत्तम कामाच्या बक्षिसासाठी या स्टँडचं नाव पाठवलं. हैदराबादचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. अमृतराव खात्यात ओव्हरसिअर. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं काम कुणी एवढ्या लांबून पाहायला येणार होतं. त्यांनी त्याच दिवशी मागच्या दाराला कुलूप घातलं. लोकांचे पाय चिखलाचे, फरशी पांढरी. मुआयना झाला की उघडू, म्हणाले. तेव्हा सोयाबीनची पेरणी चालली होती. साहेब यायचे ठरले तोवर कापूस वेचायला आला.

मुआयन्याच्या दिवशी अमृतराव सकाळीच स्टँडवर येऊन बसले. चहावाला चंपत म्हणाला, "अमृतराव, हे देऊळ व्हय का संडास? देवळातबी दर्शन तरी देतेत."

बाकावरची माणसं हसली. अमृतरावही थोडं हसले.

मग जयवंताबाई आली. बरोबर तिची सून रुख्मिणी, दिवस भरत आलेली. तिला आदिलाबादच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. आरटीसीच्या सरकारी बसचा पत्ता नव्हता.

"भाऊ, चावी द्या न," जयवंताबाई म्हणाली. "पोरीले लागली हाय."

"मावशी, साहेब येऊन राह्यले. थोडं थांबा."

"काऊन? सायब पयले जाणार हायेत का?"

रुख्मिणी रस्ता ओलांडून कापसाकडे गेली. तिथे वेचणीला माणसं होती, बाप्येही होते. ती बांधावर उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि तशीच परत आली. बाकावर पाय आवळून बसली. तिने तांब्या तोंडाला लावला, तशी जयवंताबाईने तो काढून घेतला.

"आता पानी नको पिऊ, बाई. अजून रस्ता हाय."

अमृतरावांनी मान खाली घातली. त्यांची बायको चंद्रभागाही असंच करायची. तिच्या आजारात नागपूरच्या खेपा चालायच्या, तेव्हा ती रात्रीपासूनच पाणी बंद करी. डॉक्टर म्हणत, भरपूर पाणी प्या. ती म्हणे, "प्यायले काय झालं? मंग जाऊ कुठी?" ती गेल्यावर या स्टँडचा नकाशा त्यांच्याकडे आला. त्यात ही मागची खोली नव्हती. वरच्या साहेबांशी भांडून त्यांनी ती घालून घेतली होती. कुणासाठी, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्याच खोलीला कुलूप घालून बसलो, असं त्यांच्या मनात आलं. खिशातून चावी काढून ते उठले. तेवढ्यात जीप आली.

उठलेला माणूस मागच्या दाराकडे जायचा तो जीपकडे गेला. रुख्मिणीकडे न पाहता गेला.

साहेबांनी छत पाहिलं, छज्जा पाहिला, भिंतीला लेव्हल लावून पाहिली. मग मागचं दार उघडायला सांगितलं. मोठे साहेब बुटांसकट आत गेले.

"चाला बागुंदि!" ते म्हणाले. फार छान. इतकं स्वच्छ कसं ठेवता, असं त्यांनी तेलुगूत विचारलं.

जयवंताबाई मागेच येऊन उभी होती. बाजारात तेलुगू ऐकून ऐकून तिला तेवढं कळत होतं.

"आमाले जाऊ देत नाई, म्हून," ती म्हणाली.

साहेबांना मराठी येत नव्हती. काय म्हणते ही, त्यांनी अमृतरावांना विचारलं.

फार छान झालंय म्हणते, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ओठांवर आलंही होतं. पण जयवंताबाई त्यांच्या तोंडाकडेच पाहत होती. अमृतरावांनी तिचं वाक्य जसंच्या तसं तेलुगूत सांगितलं. पुढे आपलं जोडलं, "कुलूप मीच घातलं. या बाईंना जायचंय, तुम्ही जरा बाहेर या."

साहेब बाहेर आले. रुख्मिणी आत गेली. सगळे बाप्ये रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, हैदराबादचेही.

थोड्या वेळाने आतून रुख्मिणीने सासूला हाक मारली. जयवंताबाई आत जाऊन आली.

"भाऊ, नळाले पानी नाई."

टाकी कधी भरलीच नव्हती. कुणी जाणारच नव्हतं, तर भरणार कोण? साहेबांनी टाकीकडे पाहिलं, मग अमृतरावांकडे. टाकी भरून गळती पाहिली नाही का, त्यांनी हळू आवाजात विचारलं. अमृतरावांनी नाही म्हणून मान हलवली.

ते चंपतच्या पिंपाकडे गेले. चंपतने या खेपेला थट्टा केली नाही, मुकाट्याने बादली दिली. भरलेली बादली घेऊन अमृतराव साहेबांच्या समोरून गेले, दाराशी ठेवली आणि पाठ फिरवली. मागे जीप सुरू झाली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"भाऊ," आतून जयवंताबाई म्हणाली, "अजून एक बादली आना."