देवघरातला राउटर

“विश्वातला सगळा डेटा शेवटी ब्रह्मातच जाऊन मिळतो,” असं नेटनाथ महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, आणि डोळे उघडून कुणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट मिळेल का, अशी चौकशी केली. स्वतःच्या कृपेवर ते फारसे विसंबत नसत.

काकासाहेबांच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सिडकोतली आमची अख्खी गल्ली लोटली होती. देवघरात गणपती आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध राउटर बसवला होता. त्याला हळदकुंकू, डोक्यावर जास्वंद, दोन्ही अँटेनांना लाल दोरा. बायका वाकून नमस्कार करत होत्या आणि राउटर हिरवा दिवा मिचकावत होता.

चमत्कार असा होता. तीन मजल्यांवर तीन भावांचे संसार, आणि तिघांत मिळून एक ब्रॉडबँड. संध्याकाळी खाली मालिका, मधे क्रिकेट आणि वर पोरांचे गेम एकदमच सुरू होत, नेटला धाप लागे. थोडं कमी बघावं हा उपाय कुणालाच न सुचल्यामुळं महाराजांना बोलावणं गेलं. महाराज पूर्वी चितेगावात केबलच्या वायरी ओढत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यानं श्रद्धा वाढलीच होती.

महाराजांनी पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारला. या घरात सगळ्यांत शेवटी कोण आलं?

शेवटी आली होती विशाखा. काकासाहेबांची सून, सुदर्शनची बायको, माहेर सिल्लोडचं. घरी बसून लॅपटॉपवर मुलांना गणित शिकवायची. महाराजांनी घरातले सगळे मोबाइल आणि तो लॅपटॉप देवघरात मागवले, दार लावून शुद्ध केले, आणि बाहेर येऊन भाकीत केलं की ही पोरगी कामाला बसली की लहर तुटेल. ती बसली. तिन्ही मजल्यांवरचं नेट गेलं. ती लॅपटॉप मिटून जिन्यात गेली, नेट आलं. कितीदाही करून पाहिलं तरी तेच.

मग घरानं आपलं कर्तव्य केलं. विशाखाचं ताट जिन्यात जाऊ लागलं. ती जिन्यातच मोबाइलवर वर्ग घेऊ लागली. ती दिसली की पोरं ‘बफरिंग आली’ म्हणून ओरडत आणि मोठी माणसं त्यांना रागवत नसत. आजची सभा निकालासाठी होती. सूनबाईनं दोष उतरेपर्यंत माहेरी राहावं आणि लॅपटॉप हर्सूलच्या तलावात सोडावा. लॅपटॉप पिवळ्या फडक्यात बांधून महाराजांच्या पायाशी ठेवलेलाच होता. तो बुडाला की तिची नोकरीही बुडणार, हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्यात कुणाला अडचण दिसत नव्हती.

विशाखा दाराशी उभी होती. म्हणाली, “मामा, बुडवायच्या आधी एकदा बघू द्या.”

काकासाहेबांनी महाराजांकडं पाहिलं. गल्ली जमलेली असल्यामुळं महाराजांना नाही म्हणता येईना.

विशाखा उंबरा ओलांडून सरळ देवघरापाशी येऊन उभी राहिली. लॅपटॉप मिटलेलाच. बायका मागं सरकल्या, पण मोबाइलवरची मॅच चालूच राहिली. मग तिनं फडकं सोडून लॅपटॉप सुरू केला आणि स्वतः चपला घालून खाली फाटकाशी जाऊन थांबली. कोपऱ्यात बसलेल्या सुदर्शननं तेवढ्यात तिला मेसेज पाठवला. घरचं नेट असताना रिचार्ज कशाला, असा त्याचा बाणा. त्यामुळं मेसेज तिथंच फिरत राहिला, कारण नेट गेलं होतं.

“ती तिकडं फाटकापाशी हाय,” तिची सासू मालनबाई म्हणाली, “मंग नेट कसं गेलं?”

“दोष यंत्रात उतरला, माय,” महाराज म्हणाले.

विशाखा वर आली. “उतरला नाय, उतरवलाय. मामा, आपल्या घराचा नंबर दुसऱ्या घरावर टाकला तर पोस्टमन काय करील? राउटरला एक पत्ता असतो. महाराजांनी शुद्ध करताना तोच पत्ता माझ्या लॅपटॉपला घालून ठेवला. हा सुरू झाला की तुमचे सगळे मोबाइल यालाच राउटर समजून याच्याकडं येतात, आन् याच्याकडं द्यायला काहीच नाय. स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज सूचना येत होती, मी न वाचताच मिटत होते. तुम्ही जिन्यात बसवलं, तवा वाचायला वेळ मिळाला.”

तिनं तो पत्ता पुसला. लॅपटॉप सुरूच होता, ती आतच होती, आणि तिन्ही मजल्यांवर नेट आलं.

“तुम्ही असं कामून केलं, महाराज?” मालनबाईनं विचारलं.

महाराज नारळ पिशवीत भरत होते. “शेवटी कोण आलं, म्हणून विचारलं तर तुम्ही सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं, माय. मला कुठं माहीत होतं? घरोघरी असंच दाखवतात.” आणि ते निघून गेले. महाराजांना तंत्रज्ञान बेताचंच येत होतं, घरं मात्र चांगली येत होती.

सत्य बाहेर पडताच नेट सुरू झालं होतं, आणि नेट सुरू होताच सत्याला कुणी श्रोता उरला नव्हता. सगळ्या माना खाली वळल्या. कुणीतरी सिक्सर मारली.

“मामा, मंग आता माझं ताट आत येणार का?” विशाखानं विचारलं.

काकासाहेब मॅच बघत होते. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. सुदर्शनचा अडकलेला मेसेज पोचला होता, ‘थोडं सहन कर.’

तिनं तो वाचला. कोपऱ्यातल्या सुदर्शनकडं पाहिलं. मग लॅपटॉपवरून राउटरमधली पाच-सहा अक्षरं बदलली, तो मिटला आणि बॅग भरायला गेली. तिन्ही मजल्यांवरचं नेट पुन्हा गेलं, आणि लग्नानंतर प्रथमच सगळ्या घरानं विशाखा कुठं आहे म्हणून विचारलं.

वाचकांना माझं सांगणं साधं आहे. घरात काही बिघडलं तर माणूस बाहेर काढण्याआधी वस्तू बंद करून पाहा. त्याला महाराज लागत नाहीत, बटण लागतं. आणि बटण दाबूनही कुणाकडं बोट दाखवावंसं वाटलं, तर बिघाड राउटरमध्ये नाही.

सिल्लोडच्या गाडीसाठी रिक्षा आली. विशाखा बसली. काकासाहेब अनवाणी फाटकापर्यंत धावले, रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहिले.

“पोरी, झालं गेलं विसर,” ते म्हणाले. “जाता जाता तेवढा पासवर्ड सांगून जा.”