वाकल्यावर येणारी देवी

"देवी कधी फोटोत येती का रं, मुडद्या?" चिमणाकाकू माझ्या अंगावर धावली.

"आली ना! ही बघ, लिंबाएवढी हाय." मी सीटी स्कॅनची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

काकूनं आधी हात जोडले. मग चुकून जोडले म्हणून मलाच चापट मारली.

दोन वर्षं झाली, माझ्या आईच्या अंगात येतं. घामानं भिजती, पांढरीफटक पडती, थरथरती. मखमलाबादच्या बाया दर मंगळवारी तिची ओटी भरायला येतात. काकू पुढं पुढं करती.

पण नववीत मास्तरशी भांडून शाळा सोडल्यापासून मी आईबरोबर झेंडू तोडतो. तिथं मला दिसलं, देवी फक्त वाकल्यावर येती. वणीला गडावर आई देवीपुढं अर्धा तास उभी, काय नाय! बाहेर चप्पल शोधायला वाकली, अन् आली. "काकू, देवी गाभाऱ्यात असती का चपलांत?" म्हणलं. तेव्हापण चापटच.

मग आईला गंगापूर रोडच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं मी मुद्दाम पेन पाडलं. आई उचलायला वाकली अन् सुरू! डॉक्टरनं पट्टा बांधला तर प्रेशर दोनशे तीस. आधी मला झापलं, मग चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये आणायला सांगितली. काकूला कॅनमध्ये तीर्थ वाटलं. मी वेळेवर ओरडलो म्हणून वाचली.

फिल्मवर मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी दिसती, तिच्यात गाठ. डॉक्टर म्हणले, "वाकलं की गाठ दबती, रक्तात नको तो रस सोडती, प्रेशर चढतं. पंधरा दिवस गोळ्या, मग ऑपरेशन. नाहीतर एक दिवस डोक्यातली नस फुटंल."

गोळ्यांनी दोन मंगळवार देवी आलीच नाय. आज ॲडमिट व्हायचं, तर काकू बायांना घेऊन दारात आडवी. "गोळ्यांनी देवी रुसवली, आता कापणार? कोप होईल!" बाया माना हलवतात. आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तिला जायचं हाय, मला दिसत होतं, पण एवढ्या बायांपुढं बोलणार कसं?

माझं डोकं सटकलं. "मग मरू द्या तिला! नारळ फोडत बसा!"

काकूनं चापट उगारली.

तेवढ्यात आई उठली. केस सोडले, घुमायला लागली. "या बाईच्या पोटात मला कोंडलंय! गाठ काढा! मोकळी करा मला!"

"व्हय माय, काढतो माय!" काकू पायांवर लोळली. रिक्षापण तिनंच थांबवली.

मी आईचं कपाळ बघितलं. कोरडं ठणठणीत. अन् वाकली तर कुठंच नव्हती.

रिक्षात कानात विचारलं, "आई, खरी आलती का?"

"गप बस. पिशवी धर."

आत्ता दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय. काकू वॉचमनला देवीचा निरोप समजावून सांगतीय. सिस्टर हाक मारतीय, आईला आत नेतायत. जातो मी.