पिंप्राळ्यातली स्की

"पप्पा, तुम्ही खरंच कामावर पडला होतात का?"

ऋतिकाने हे विचारले आणि हितेंद्रच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. हा प्रश्न तिच्या मनचा नव्हता. पैज लागली होती मैत्रिणींची. नववीच्या वर्गात प्राचीने ऋतिकाच्या पप्पांचा तारीख छापलेला एक जुना फोटो पाहिला आणि म्हणाली, "ए, पडले त्याच दिवसाचा ना हा? मग कामावरचा माणूस गॉगल लावून एवढा हसतो का गं? हिंमत असेल तर विचार घरी!" आता ऋतिकाला हिंमतीचे कोणी बोलले की संपलेच.

मित्रांनो, त्या फोटोत पप्पांच्या पायाखाली मी आहे. मी एक जुनी स्की आहे. बर्फावरून घसरत जायची लांब पट्टी. आम्ही दोघी बहिणी होतो. आता मी एकटी पिंप्राळ्यातल्या एका घरात कूलरच्या मागे उभी असते. जळगावच्या उन्हात! हसा, हसा. सगळेच हसतात.

दूर देशातल्या कारखान्यात आम्हाला घडवले. आत लाकूड, कडेला पोलादाची धार. मनालीच्या एका दुकानात अनेक वर्षे भाड्याने फिरलो आणि रंग उडाल्यावर हितेंद्रच्या हाती आलो. तो तिथे एका वीजप्रकल्पावर फिटर होता. सोबत नरडाण्याचा योगराज.

ते दिवस काय सांगू! चार वाजता पाळी सुटली की दोघे डबा ठेवून थेट डोंगराकडे. तिथे वर न्यायला ना पाळणे ना दोरखंड, आपल्याच पायांनी वर चढायचे. चढताना आमच्या पोटाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या. केस मागे वळलेले, म्हणून पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. तासभर चढायचे, वर पट्ट्या सोलून खिशात घालायच्या आणि अंधार पडायच्या आत सुसाट खाली.

"भाऊ, आपण जळगाव-धुळ्याची माणसं," योगराज धापा टाकत म्हणायचा, "बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. इथं काय झक मारायला आलो?"

"मग जा ना खोलीवर. कांदे चिरून ठेव."

"तू पडलास तर उचलायला कोण? कांदे?"

दिवसभर नटबोल्ट आवळणारा हितेंद्र उतारावर असा ओरडायचा की खालची कुत्री भुंकायला लागायची. तेवढा आनंद मी आधी कुणाच्याही पायात अनुभवला नव्हता.

मग ती नोव्हेंबरची संध्याकाळ आली. पहिला बर्फ जेमतेम पोटरीपर्यंत होता. जाणती माणसे अशा वेळी थांबतात, कारण दगड अजून झाकलेले नसतात. योगराज म्हणालाही, "भाऊ, आज राहू दे. दगड वर आहेत." हितेंद्र म्हणाला, "वर्षभर वाट पाहिली, अजून किती पाहू?" तिसऱ्या वळणावर तो दगड आला. माझ्या पोटावर हातभर ओरखडा आहे, तो त्याचाच. आणि हितेंद्रचा गुडघा कायमचा गेला. योगराजने त्याला पाठीवर घेऊन खाली आणले, वर आम्हाला बगलेत.

मला वाटले, वाईट ते संपले. कसले संपते!

हितेंद्र घरी आल्यावर त्याचे मोठे भाऊ गिरधर आबा चोपड्याहून आले. दार लावून हळूच म्हणाले, "कामवर पडना असं सांगा. खेयाले गयथा सांगशात ते लोके हासतीन." खेळायला गेला होता म्हटले तर लोक हसतील, एवढीच त्यांना काळजी. चारुलताने, म्हणजे ऋतिकाच्या आईने, मान हलवली. हितेंद्रने सुद्धा. मग आठ दिवस माणसे भेटायला येत होती. "बिचारा घरासाठी राबत होता हो!" म्हणत होती, आणि हितेंद्र कॉटवर पडून ते ऐकत होता. मी कोपऱ्यात होते. माझ्यावर चादर टाकलेली होती.

जाताना आबांनी माझ्या बहिणीला हातात तोलून पाहिले. "हाई ते केळले टेका देवाले भारी शे!" केळीचा घड जड झाला की झाड कलते, त्याला टेकू लागतो. बर्फावर उडणारी माझी बहीण आबांच्या केळीच्या बागेत वर्षभर ओल्या मातीत उभी राहिली. तिची धार गंजली, पापुद्रे सुटले. पुढच्या वादळात झाड आणि ती एकत्रच मोडली. आबा हळहळले. घडासाठी.

तर मित्रांनो, अशा घरात सहा वर्षांनी तो प्रश्न आला.

"कोणी शिकवलं तुला हे?" चारुलता कडाडली. "ती प्राची ना?"

"मम्मी, मी पप्पांना विचारलं."

हितेंद्रने भाकरी ताटात ठेवली. "पाळी सुटली होती. खेळायला गेलो होतो."

"झालं? मिळालं समाधान?" चारुलताचा आवाज फाटला. "नवरा बर्फात खेळताना लंगडा झाला, हे मी चारचौघांत सांगायचं होतं? बिचारी म्हणून तरी जगले मी!"

"आणि मी?" हितेंद्र म्हणाला. "सहा वर्षं मला कुणी एकदा विचारलं नाही, तिथं वर कसं वाटत होतं."

 चारुलताने पदर डोळ्यांना लावला. मला राग आला नाही, पण कीवही आली नाही. सहा वर्षे चादरीखाली काढली की मन कडू होते.

मित्रांनो, वस्तूची निगा राखा, असे माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मला पुसून आता काही होणार नाही. एका स्कीवर कोणी डोंगर उतरत नाही. पण तुमच्या घरात कुणी कधी मनापासून आनंदात होते, ते लाज वाटून झाकू नका. झाकलेले माणूस झाकलेल्या लाकडापेक्षा लवकर कुजते.

ऋतिका ताटावरून उठली. हात तसाच खरकटा.

"पप्पा, मम्मी, ऐका. दहावी झाली की मी मनालीला स्कीइंग शिकायला जाणार. आणि गल्लीत कुणी विचारलं ना, तर अभ्यासाला गेली, नोकरीला गेली असं सांगायचं नाही. खेळायला गेली म्हणून सांगायचं."