त्या पानावरची बाई

“भुवया जरा जवळ आण. अजून. हं, आता हलू नकोस.”

मावशी स्वयंपाकघराच्या दारात एक हात चौकटीला लावून उभी होती. रागावल्यासारखे दिसायचे म्हणून तिने ओठ इतके घट्ट मिटले होते, की बघणाऱ्याला वाटावे हिची दाढ दुखते आहे. समोर फरशीवर फतकल मारून बसलेली खडू पेन्सिल चालवत होती. थोडा वेळ बरा गेला. मग मावशीला आठवले, की गॅसवर दूध आहे. तिची मान आत वळली, भुवया आपापल्या जागी परत गेल्या आणि खडूने कागद चुरगळून कोपऱ्यात भिरकावला. कोपऱ्यात तसे बरेच गोळे जमले होते.

खडू हे काही तिचे खरे नाव नव्हते. लहानपणी ती खडूसारखीच काटकुळी होती आणि जिन्याच्या पायऱ्या, शेजाऱ्यांचे दार, जिथे हात पोचेल तिथे खडूने चित्रे काढत सुटायची. आता ती नोकरी करण्याच्या वयाची झाली तरी नाव चिकटले ते चिकटलेच. मावशी तिची सावत्र आई. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा खडू पहिलीत होती. हिला हाक काय मारायची, असा प्रश्न पडला तेव्हा बाबांनी ‘मावशी म्हण’ असे सांगून टाकले, आणि पुढे कुणी तो विषय काढला नाही.

एका प्रकाशनाने जुन्या परीकथा नव्या जागी नेऊन चित्रांतून सांगायचे ठरवले होते. सबंध कादंबरीच चित्रांची. चौकटीमागून चौकट आणि माणसांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत त्यांचे बोलणे. एका चित्रकाराने लाल टोपीवाल्या मुलीला आणि लांडग्याला बस डेपोत नेले होते, दुसऱ्याने शंभर वर्षे झोपलेल्या राजकन्येला वीजकेंद्रात. खडूच्या वाट्याला काचेच्या बुटाची गोष्ट आली, आणि तिने ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात नेली. गोष्टीतली पोरकी मुलगी चुलीपाशी राखेत झोपते. खडूची मुलगी मळक्या चादरींच्या ढिगात झोपत होती.

ही जागा तिला कुठे शोधायला जावे लागले नव्हते. मावशी तिथेच कामाला होती. ओल्या चादरीची दोन टोके दोघींनी धरायची, तापलेल्या रोलरमध्ये सरळ सरकवायची आणि पलीकडून कडक होऊन आली की घडी घालायची. एक टोक जरा तिरके गेले की चादर अडकते, म्हणून दोघींची पावलेसुद्धा बरोबर पडावी लागतात. शाळेला सुट्टी असली की खडू तिथल्या चादरी वाहायच्या ढकलगाडीत बसून अभ्यास करायची. वाफ, साबणाचा वास, भिंतीवरून ओघळणारे पाणी, हे सगळे तिच्या चित्रांत इतके हुबेहूब उतरले होते, की ती पाने पाहताना मावशीने नकळत कपाळ पुसले होते.

अडले होते ते एकाच ठिकाणी. संपादकबाईंनी पाने तिसऱ्यांदा परत पाठवली होती. मुलगी छान आहे, धुलाईघर छान आहे, पण या सावत्र आईची भीतीच वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिच्या घरातून कुठलीही मुलगी पळून कशाला जाईल? महिनाअखेर ही बाई जमली नाही, तर गोष्ट दुसऱ्या चित्रकाराला द्यावी लागेल, असेही त्यांनी गोड शब्दांत सांगितले होते. खडूचे हे पहिलेच पुस्तक. त्यासाठी तिने जाहिरातीच्या कंपनीतली नोकरी सोडली होती.

धुलाईघरात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. रोलरवरची मावशीची जोडीदार जिभेने फार तिखट. चादरीचे टोक हातात घेता घेता ती म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं पोरीचं केलंस, आणि शेवटी पुस्तकात राक्षसीण होणार म्हण की.”

“राक्षसीण तर राक्षसीण,” मावशी म्हणाली. “पण चांगली वठली पाहिजे. अर्धवट काम मला आवडत नाही. टोक ओढ, तिरकं चाललंय.”

बोलायला ती बोलली, पण घरी येताना मनात तेच घोळत राहिले. राक्षसीण व्हायला तिची ना नव्हती. आपल्याला राक्षसीण होता येत नाही आणि त्यापायी पोरीचे पुस्तक जाते आहे, याचा तिला सल होता. चहा पिताना तिने बाबांना विचारले, की अडतंय तरी कुठे? बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. कुठे काय अडले आहे हे ऐकून ओळखायची त्यांना सवय होती.

“ती तुला बघून काढतेय,” ते म्हणाले, “आणि तुला ती घाबरत नाही. मग काय काढणार? परवा फोनवर बाईंना सांगत होती, घरात अशी सावत्र आई असली की वाईट बाई हातातून उतरतच नाही म्हणून. मी ऐकलं. मला तर बरं वाटलं.”

मावशीलाही बरे वाटले. पण कप विसळेपर्यंतच. ओला कप हातात घेऊन ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा बाहेर गेल्यावर तिने स्टूल आणून माळ्याखाली ठेवले आणि खडूला हाक मारली. कागद-पेन्सिल घेऊन ये, म्हणाली. खडू आली आणि स्टूल पाहून दारातच थबकली.

“बस तिथं. तेव्हा बसली होतीस तिथंच.”

“कधी?”

“बुटांच्या दिवशी.”

खडू आत आली. भिंतीला टेकून खाली बसली.

त्या बुटांची हकिकत अशी. खडूची आई गेली तेव्हा तिचे पट्ट्याचे तपकिरी बूट घरात राहिले होते. खडू ते पायांत घालून हिंडायची. पुढे कागद कोंबायची, तरी चालताना टाच वर यायची आणि बूट फटाफट वाजायचा. घरात चालून गेले असते, पण ती शाळेतही तेच घालून जाऊ लागली. एकदा गुडघा फोडून आली, एकदा हनुवटी. मग एके दिवशी रस्ता ओलांडताना बूट निसटला, तो घ्यायला ती मागे वळली आणि एक मालट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. तिला हाताला धरून मावशीने घरी आणले. घरी आल्यावर बूट काढून घेतले, स्टुलावर चढली आणि ते माळ्यावर पार मागे सरकवले. खडूने घर डोक्यावर घेतले. मावशीने तिला मारले नाही की समजावलेही नाही. स्टुलावरूनच खाली बघत म्हणाली होती, ‘हे बूट आता मिळणार नाहीत. किती ओरडायचं ते ओरड.’ त्यानंतर कित्येक दिवस खडू तिच्या हातचे जेवली नव्हती. पुढे जेवू लागली, हसू लागली, शाळेच्या गमती सांगू लागली. बुटांचे नाव मात्र त्या घरात कुणी घेतले नव्हते.

मावशी स्टुलावर चढली. तिचे गुडघे आता कुरकुरत होते. एक हात माळ्याच्या कडेला लावून तिने खाली पाहिले.

“त्या दिवशीचा चेहरा काढ.”

“मला नाही आठवत,” खडू म्हणाली.

“आठवतो. मी विसरले नाही, तर तू कशी विसरशील?”

“मावशी, मी गाडीखाली जाणार होते. तू बूट काढून घेतलेस ते बरोबरच होतं. त्यात वाईट काय काढू?”

मावशीने माळ्याची कड नीट धरली. मग बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता, बाजारातून काय आणायचे ते सांगावे तसा.

“गाडीमुळे काढले, हे खरंच आहे. पण वर ढकलताना मला बरं वाटलं होतं. मी या घरात येऊन वर्ष होत आलं होतं, आणि रोज सकाळी दारात पहिल्यांदा ते बूट दिसायचे. मी भांडी घासायची, कपडे धुवायचे, आणि घर त्यांचंच. ते आत गेले तेव्हा वाटलं, सुटले. तू खाली रडत होतीस आणि मला हलकं वाटत होतं. ते काढ. तेवढंच काढ.”

खडूने मान खाली घातली होती.

“मला दिसलं होतं ते,” ती हळूच म्हणाली.

“मग झालं तर. काढ.”

पेन्सिल कागदावर चालू लागली. या वेळी खडूने भुवया जवळ आण म्हणून सांगितले नाही, की मान वळव म्हणूनही नाही. मावशीचा हात भरून आला, तरी ती हलली नाही. रोलरसमोर आयुष्य काढलेल्या बाईला उभे राहण्याचे काय. बऱ्याच वेळाने पेन्सिल थांबली. खडूने कागद उलटा करून तिला दाखवला. त्यातली बाई ओरडत नव्हती, दात विचकत नव्हती. उंचावरून खाली बघत होती, आणि तिच्या ओठांच्या एका कोपऱ्यात जेमतेम दिसेल एवढे समाधान होते. मावशीला ती पाहून शहारा आला.

“हां,” ती म्हणाली. “हिला घाबरेल पोर.”

आणि स्टुलावर आहेच तर, म्हणून तिने माळ्यावर मागे हात घातला आणि जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधलेले गाठोडे खाली दिले. बूट मऊ होते, चामड्याला एक चीर नव्हती. माळा आवरायला काढला की मावशी त्यांना तेल लावून ठेवायची. खडूने चामड्यावर बोट फिरवले. एक बूट पायात घालू लागली. टाचेपाशी अडला. पाय वाकडा करून पाहिला, जमिनीवर आपटून पाहिला. बूट काही आत जाईना. मग दोघींनाही हसू फुटले. खडूच्या डोळ्यांत पाणीही होते, पण हसू जास्त होते.

“तुझ्या आईपेक्षा तुझं पाऊल मोठं झालं,” मावशी म्हणाली. परीक्षेचा निकाल सांगावा अशा ऐटीत तिने ते सांगितले, जणू त्या पावलाला खायला-प्यायला तिनेच घातले होते. तसे ते तिनेच घातले होते.

खडूने मग गोष्टीचा शेवटही बदलला. जुन्या गोष्टीत बूट मुलीच्या पायात नेमका बसतो आणि सगळे मार्गी लागते. खडूच्या पुस्तकात काचेचा बूट नव्हता, आईचा तपकिरी बूट होता. सगळे धुलाईघर बघत असताना तो मुलीच्या पायात जात नाही. ती तो काखेत मारते आणि स्वतःच्या चपला घालून बाहेर पडते. दार उघडून धरलेले असते सावत्र आईने. संपादकबाईंनी आधी कुरकुर केली, की बूट बसलाच नाही तर लोक म्हणतील काय. मग माळ्याचे पान पुन्हा पाहिले, शेवटचे पान पुन्हा पाहिले, आणि पुस्तक तसेच छापायला गेले.

वाचनालयाच्या सभागृहात पुस्तक बाहेर आले त्या दिवशी मावशीने कडक इस्त्रीची साडी नेसली होती. जोडीदारही आली होती, आणि ही पुस्तकातली बाई आमच्या रोलरवरची, असे भेटेल त्याला सांगत होती. बाबा पहिल्या रांगेत बसून एकच पान पुन्हा पुन्हा पाहत होते. खडूभोवती सही घेणाऱ्यांची गर्दी होती. मावशी कडेच्या बाकावर बसली.

एक छोटी मुलगी माळ्याच्या पानावर पुस्तक उघडे धरून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. एकदा चित्राकडे बघे, एकदा हिच्या तोंडाकडे.

“ही तुम्हीच ना?”

“हो. मीच.”

“तुम्ही वाईट आहात?”

मुलीची आई गडबडीने पुढे आली, असं विचारतात का म्हणून तिला ओढू लागली. मावशीने हातानेच तिला थांबवले.

“त्या पानावर आहे,” ती मुलीला म्हणाली. “बस इथं. पुढं वाच.”

मुलगी बाकावर चढून तिच्या शेजारी बसली. पुस्तक पहिल्यापासून उघडले. नवे पुस्तक मिटू पाहत होते, म्हणून मावशीने मधल्या शिवणीवरून तळवा फिरवून पाने सपाट करून दिली. मुलगी एकेक चौकट बोटाने वाचत चालली. वाफेचे पान झाले, चादरींच्या ढिगाचे झाले. मग माळ्याचे पान आले. तिचे बोट तिथेच थांबले. तिने मान वर केली नाही, पण बाकावरच्या बाकावर ती मावशीपासून जराशी दूर सरकली.

मावशीने गर्दीतून खडूकडे पाहिले. मग पाठ सरळ केली आणि तशीच ताठ बसून राहिली. पुस्तकाची बरीच पाने अजून उलटायची होती.